सोलापूरच्या गाडीची राहिलेली गोष्ट

आज दुपारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आमच्या सर्व्हिसच्या काकांचा निरोप समारंभ झाला. शाल झाली, श्रीफळ झालं, समोसे-वेफर्सच्या प्लेटा फिरल्या. मग माईक सेल्सच्या पोरांच्या हातात गेला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "सोलापूरचा किस्सा सांगा रे!" पुढची 10 मिनिटं तेवढंच. भोसरीत 31 वर्षं काढलेल्या माणसाबद्दल बोलायला एवढंच सापडलं. काका नेहमीसारखे हसले, हात जोडले आणि खाली बसले.

मी घरी आल्यापासून धुमसतोय. बायकोने दोनदा विचारलं काय झालं म्हणून. जेवणही धड गेलं नाही. म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑफिसात किस्सा असा सांगतात. 2012 सालचा मार्च. काका सोलापूरला चिंचोळी एमआयडीसीत कंप्रेसरच्या कामाला गेलेले. परतीचं तिकीट 15 तारखेचं, रात्री 00:10चं. काका 15 तारखेला रात्री पोटभर जेवले, रिवाइंडिंगला आणायची जळालेली मोटर खांद्यावर घेतली आणि स्टेशनवर आले. गाडी आली, डब्यात चढले, बघतात तर आपल्या बर्थवर एक आजी झोपलेल्या. काकांनी त्यांना उठवलं. आजी भडकल्या. टीसी आला, त्याने तिकीट बॅटरीच्या उजेडात धरलं आणि म्हणाला, "काका, ही गाडी काल गेली." इथे सगळे टाळ्या देतात. "काल गेली" ही आमच्याकडे म्हणच झाली आहे. कुणाचं ड्रॉइंग उशिरा आलं की, काल गेली. कुणाचं लग्न ठरेना की, काल गेली.

टूरच्या किश्शांवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. आम्हा सर्व्हिसवाल्यांचं अर्धं आयुष्य फलाटावर आणि लॉजवर जातं, ते या किश्शांवरच तरलेलं असतं. आमचा एक जण झेलम एक्सप्रेसने दिल्लीला गेला, नवी दिल्लीला उतरला, काम करून परत नवी दिल्लीलाच येऊन बसला. तिकीट गोवा एक्सप्रेसचं. ती सुटते हजरत निजामुद्दीनहून! हा गडी फलाटावर छोले-भटुरे खात बोर्डाकडे बघतोय, गाडीचं नावच येत नाही. शेवटी हमालाने सांगितलं तेव्हा गाडी सुटायला 20 मिनिटं होती. रिक्षावाल्याने काय रिक्षा मारली असेल! शेवटच्या डब्याचा दांडा हाताला लागला, म्हणून पोचला. हा किस्सा तो स्वतः सांगतो, अभिनयासकट, आणि आम्ही दरवेळी तितकंच हसतो.

किंवा ते खोबऱ्याचं. कोइमतूरला नवीन मशीनची पूजा होती. आमच्या एका सीनियरच्या आईने बॅगेत पूजेचं सगळं सामान भरून दिलं. हळदकुंकू, उदबत्ती, काडेपेटी आणि खोबऱ्याच्या चांगल्या मोठ्या वाट्या. लोहगाव विमानतळावर बॅग चेक-इन झाली, हे साहेब निवांत कॉफी पीत बसले आणि माइकवरून यांच्या नावाचा पुकारा. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इन बॅगेत चालत नाही. आपल्याला कुठे माहीत असतं? काडेपेटीचं तर सोडाच. सगळ्यांसमोर बॅग उघडली. लुंगी, बनियन, पाना-पक्कड आणि त्यावर ताटात मांडावी तशी पूजा. तिथल्या पोलिसानेही आधी नमस्कार केला आणि मग खोबरं बाहेर काढलं, असं तो शपथेवर सांगतो.

हे हसण्यासारखं आहे आणि सांगणाराही हसतोय. माझं भांडण दुसऱ्याच प्रकाराशी आहे.

आमच्या टेस्टिंगमधली एक मुलगी. नाव असं की मुलाचंही असतं, मुलीचंही असतं. हुबळीला पहिलीच टूर. बुकिंग करणाऱ्याने फक्त नाव वाचलं आणि एका पुरुष इंजिनीअरबरोबर ट्विन शेअरिंगची खोली ठोकून दिली. ही रात्री 11:30ला लॉजवर पोचली. काउंटरवरचा माणूस रजिस्टर बघतो, हिच्याकडे बघतो, पुन्हा रजिस्टर बघतो. दुसरी खोली रिकामी नव्हती. तो इंजिनीअर बिचारा खाली आला, म्हणाला तू खोली घे, मी इथे सोफ्यावर पडतो. पण ती परक्या गावात, परक्या लॉजमध्ये, अर्धा तास पर्स छातीशी धरून उभी होती. तिच्या घरी ती हे अजून बोललेली नाही. आणि आमच्याकडे हा किस्सा दिवाळीच्या पार्टीत डोळे मिचकावून सांगतात! बुकिंग करणाऱ्याचं नाव त्या किश्शात येतच नाही. किस्सा "तिचा" झाला. हे मला सहन होत नाही. ज्याने चूक केली तो टेबलापाशी बसून चहा पितो, आणि जिच्यावर ती कोसळली ती जन्मभर विनोद होऊन राहते.

हो, आपलं तिकीट, आपलं बुकिंग आपण वाचावं. मान्य. पण दिवसभर साइटवर तेलात हात घालून उभ्या असलेल्या माणसाने रात्री काय काय वाचायचं? 00:10 म्हणजे 15ची पहाटसुद्धा नव्हे, 14चीच रात्र, हे ज्याचं कामच तिकिटं काढायचं आहे त्याने एका ओळीत लिहून द्यायला काय जातं?

आता सोलापूरबद्दल.

त्या टूरला काकांबरोबर मी होतो. माझी पहिली टूर. आणि तिकिटाची प्रिंट काकांच्या नाही, माझ्या शर्टाच्या खिशात होती.

काकांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "15च्या रात्री निघतो, त्या हिशोबाने काढा." तिकडून तारीख तेवढी ऐकून 15चं 00:10 काढलं गेलं. प्रिंट माझ्या हातात दिली, दोघांची एकत्र. 14ला संध्याकाळी साइटवर काकांनी विचारलं, "तिकीट नीट बघितलंस ना?" मी खिसा चाचपला, कागद बाहेरही काढला नाही, म्हणालो, "हो काका, उद्या रात्रीचं आहे." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. बस्स, एवढंच घडलं.

पुढचं कुणी सांगत नाही. टीसीने उतरवल्यावर आम्ही फलाटावर उभे. माझे पाय लटपटत होते. नोकरीला 4 महिने झालेले, कायमही नव्हतो. काकांनी आधी त्या आजींची खिडकीतून माफी मागितली. मग ऑफिसात फोन लावला. एकाने उचलला नाही, दुसऱ्याने बंद ठेवलेला. मग जाऊन दोन जनरलची तिकिटं काढली, स्वतःच्या पैशाने. पुढच्या गाडीच्या जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराजवळ, संडासाच्या बाजूला, ती 20 किलोची मोटर आडवी ठेवली, तिच्यावर स्वतःची घडी केलेली चादर टाकली आणि मला म्हणाले, "बस." मी म्हटलं, तुम्ही बसा. म्हणाले, "मला सवय आहे." 50 च्या आसपासचा माणूस कुर्डुवाडी गेली, दौंड आलं, तरी दाराचा दांडा धरून उभा. दौंडला त्यांनी चहा घेतला, माझ्या हातात कप दिला. कप गरम होता म्हणून रुमालात धरून दिला. तो रुमाल मला अजून दिसतो. निळ्या काठाचा, त्याला ग्रीसचा डाग.

सकाळी ऑफिसात साहेबांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "माझंच चुकलं, मी तारीख वाचली नाही." वाया गेलेल्या तिकिटांचे पैसे त्यांच्या टीए बिलातून कापले. रक्कम मोठी नव्हती. पण कापली. त्यांनी व्हाउचरवर सही केली आणि माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही, मला वाईट वाटू नये म्हणून.

तेव्हापासून हा किस्सा चालू आहे आणि तेव्हापासून मी गप्प आहे. सुरुवातीला नोकरीची भीती होती, नंतर लाज वाटायला लागली, आणि नंतर नंतर तर मीसुद्धा सगळ्यांबरोबर टाळ्या देऊ लागलो. आज माईक माझ्यासमोरून गेला. मी घेतला नाही. चिडलोय मी सेल्सच्या पोरांवर, बुकिंगवाल्यावर, पैसे कापणाऱ्यांवर, पण लिहिता लिहिता लक्षात येतंय की ती पोरं तेव्हा नव्हतीच. त्यांना जेवढं ऐकवलं गेलं तेवढंच ती सांगतायत. ऐकवणाऱ्यांत मी होतो.

ऑफिसातले बरेच जण इथे मित्रयादीत आहेत. वाचा आणि पुढे हा किस्सा सांगाल तेव्हा असाच सांगा. प्रिंट माझ्या खिशात होती. आणि कापलेले पैसे उद्या मी अकाउंट्सला विचारणार आहे, इतक्या वर्षांनी का होईना, कोणत्या नियमाने कापले ते.

समारंभ संपल्यावर काका टेबलाचा खण रिकामा करत होते. दोन फीलर गेज, एक जुनी टॉर्च, देवाचा फोटो. मी जवळ गेलो, म्हणायचं होतं बरंच काही. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "दिल्लीला जातोयस ना रे? कधी?" मी म्हटलं, 18ला. "तिकीट दाखव." मी मोबाईल दिला. त्यांनी लांब धरून वाचलं, 00:40. मग टेबलावरच्या जुन्या कॅलेंडरवर बोट ठेवलं, 18वर नाही, 17वर.

"या रात्री निघायचं. जेवून निघ."