बावन्न पुस्तकांचा संकल्प कसा तडीस न्यावा

राजेहो, आधी आकडा ठरवा, पुस्तकं मागून बघू. बावन्न हा आकडा झकास. आठवड्याला एक, सांगायला सोपा, आणि ऐकणारा हिशेब करत बसत नाही. तुम्हीही करू नका. तीनशे पानांची मराठी कादंबरी तासाला पस्तीस पानांनी वाचली तर साडेआठ तास खाते. बावन्न वेळा म्हणजे साडेचारशे तासांच्या घरात, रोजचा सव्वा तास, आणि तोही लग्नसराई, पोळा, मुक्कामी पाहुणे सगळं धरून. हा हिशेब जानेवारीत कागदावर मांडला तर माणूस मुकाट्यानं अठरावर येतो. अठरा पुस्तकांचा बॅनर ब्लॉगच्या माथ्यावर लावायला कसं वाटेल, तुम्हीच सांगा.

आकडा जाहीर करण्याची जागा म्हणजे गुडरीड्स, वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायचं संकेतस्थळ. तिथलं वाचनाचं वार्षिक चॅलेंज २०११ पासून चालू आहे आणि त्याचा स्वभाव सावकारासारखा आहे. फेब्रुवारी उजाडला की ते तुम्हाला सांगू लागतं, तुम्ही ठरल्यापेक्षा तीन पुस्तकं मागे आहात. घाबरायचं कारण नाही. तो आकडा वर्षभर केव्हाही बदलता येतो. तीस डिसेंबरला रात्री बावन्नच्या जागी अकरा लिहा, ठरवलेलं पूर्ण झाल्याचं अभिनंदन लगेच येतं. त्याचाच फोटो टाका. मूळ आकडा आठवणीत ठेवणारा एखादा निघतोच, पण त्यानंही रात्री साडेअकराला हेच केलेलं असतं, त्यामुळे तो बोलत नाही.

मराठी पुस्तकांना तिथे आणखी एक सोय आहे. एकाच कादंबरीची तीन तीन पानं सापडतात: एक देवनागरीत, दोन रोमन लिपीत, त्यातही एकात दीर्घ ‘आ’साठी दोन ए आणि दुसऱ्यात एकच. कुठे मुखपृष्ठ नाही, कुठे पानांची संख्या कोरी. तिथले स्वयंसेवक अशा नोंदी जुळवून एक करतात, पण त्यांनी मराठी पुस्तकांकडे वळेपर्यंत एकच पुस्तक तीन वेळा ‘वाचलं’ असं नोंदवायला कोण अडवतो? उलट प्रामाणिकपणे नवी नोंद करायला बसलात तर प्रकाशक, आवृत्ती, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा छापील ओळख क्रमांक, पानं भरता भरता एक प्रकरण वाचून झालं असतं. तेव्हा त्या भानगडीत पडू नका.

आता वाचनाचा बिंगो, म्हणजे अटीत बसणारं पुस्तक वाचून एकेक चौकोन भरायचा खेळ. पाच गुणिले पाच, पंचवीस चौकोन, आणि प्रत्येकात एक अट. अटी अशा निवडा की पुस्तकाच्या आतल्या मजकुराशी त्यांचा संबंध येऊ नये. निळं मुखपृष्ठ. शीर्षकात प्राणी. पाचशे पानांच्या वर. तुमच्या जन्मवर्षी निघालेलं. गंमत अशी की हे चौकोन सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आपल्या जुन्या वाचनालयांतून भरता येत नाहीत. तिथे पुस्तक दोनदा उसवलं की बाइंडरकडे जातं आणि परत येतं ते जाड पुठ्ठ्यात, पाठीवर शाईनं दाखल क्रमांक घेऊन. मूळ निळं मुखपृष्ठ बाइंडरच्या कात्रणांत गेलेलं असतं. जन्मवर्षाचंही तेच. श्रेयपानावर पहिली आवृत्ती एका साली, पुनर्मुद्रण भलत्याच साली, आणि ते पानच फाटलेलं असेल तर प्रश्नच मिटला. म्हणून वाचनालयाचा नाद सोडा, आपल्या नागपूरच्या बाजारात, बर्डीवर जा आणि मुखपृष्ठाचा रंग बघून नवीन विकत घ्या. प्लॅस्टिक काढू नका, फोटोत चकाकी छान येते.

‘विदर्भातला लेखक’ हा चौकोन मात्र ठेवायलाच हवा, नाही तर लोक काय म्हणतील. विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये स्थापन झाला. शंभर वर्षांत इथे किती जणांनी काय काय लिहिलं याची यादी करायला गेलात तर चौकोनच अपुरे पडतील. तुम्ही तसदी घेऊ नका. ज्या कवीची कविता आपल्याला कळत नाही असं कौतुकानं सांगता येतं, त्याचा संग्रह घ्या. ऐंशी पानं, त्यातली निम्मी कोरी, आणि चार ओळींचा फोटो टाकला की खाली प्रतिक्रिया येतात: ‘निःशब्द’. निःशब्द झालेल्यांना पुढचं काही विचारता येत नाही, हा मोठाच फायदा.

इथवरचं एकट्यानं जमतं. खरी कसरत पुढे आहे, कारण ही चॅलेंजं सुरू झाली ती पुस्तकांवर ब्लॉग लिहिणाऱ्यांनी एकमेकांचं वाचावं आणि एकमेकांशी बोलावं म्हणून. हा धोका वेळीच ओळखा. तुम्ही स्वतःच चॅलेंज भरवणार असाल तर तो टाळणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

मुदत वर्षाची ठेवा. आठवड्याचं किंवा महिन्याचं चॅलेंज फसवं असतं. शेवट डोळ्यांसमोर दिसतो म्हणून लोक खरंच पुस्तक संपवतात. वर्षाच्या चॅलेंजला जानेवारीत चाळीस जण नाव देतात, मार्चपर्यंत निम्मे गळतात, आणि तुमचं काम हलकं होतं. सगळ्यांनी मिळून एक पुस्तक वाचायचं ठरलंच तर ते छपाईबाह्य निवडा. पेठेतल्या एखाद्या वाचनालयात त्याची एकुलती प्रत असावी आणि ती दोन वर्षांपासून एका सभासदाच्या घरी असावी. कोणी शहाणा म्हणेल, आधी दुकानांत फोन करून प्रती किती आहेत ते विचारू, ईबुक आहे का बघू, वाचनालयाच्या कार्डावर किती दिवस मिळतं ते पाहून तारीख ठरवू. अशा माणसाला समितीत घेऊ नये.

सहभागींच्या ब्लॉगची यादी लावताना ती नाव नोंदवलेल्या क्रमानं लावा आणि तशीच सोडून द्या. काय होतं, पाहणारा वरचे तीन दुवे उघडतो, तिथे ‘छान लिहिलंय’ टाकतो आणि जेवायला जातो. पहिल्या तिघांकडे तीस तीस प्रतिक्रिया, सव्विसाव्याकडे शून्य. तो सव्विसावा दोन आठवडे वाट बघून ब्लॉग बंद करतो. यावर एक जुना उपाय आहे: प्रत्येकानं यादीत आपल्या नावाखालच्या दोघांकडे जायचं आणि शेवटच्यानं पहिल्या दोघांकडे. यात एकही कोरडा राहत नाही, खर्च शून्य, आणि समजावून सांगायला एक ओळ पुरते. म्हणूनच ही ओळ नियमांत येऊ देऊ नका. त्याऐवजी ईबुक चालेल का, ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का, दुप्पट वेगानं ऐकलं तर अर्धं धरायचं का, अशा विषयांवर चौदा नियम करा.

प्रतिक्रियेचंही शास्त्र आहे. लेखातली एक नेमकी गोष्ट घेऊन तिच्यावर एक प्रश्न विचारला, की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. उत्तराला प्रत्युत्तर, मग त्यानं सुचवलेलं पुस्तक, मग ‘तुमच्याकडे आहे का, मी धरमपेठेत राहतो’. इथून माणूस कुठल्या कुठे जातो. ‘सुंदर परीक्षण, वाचायलाच हवं’ एवढं लिहिलं की विषय संपतो. हे वाक्य मोबाईलमध्ये साठवून ठेवा. फक्त चिकटवण्याआधी लेखकानं पुस्तक झोडपलेलं नाही ना, एवढं बघा. झोडपलेल्या पुस्तकाखाली ‘वाचायलाच हवं’ फार वाईट दिसतं.

चोवीस तासांचं सलग वाचन हा या खेळातला सगळ्यात मानाचा प्रकार. डुई या नावानं ब्लॉग लिहिणाऱ्या बाईंनी तो २००७ मध्ये सुरू केला. २००८ च्या अखेरीस त्या गेल्या, पण इतरांनी तो त्यांच्याच नावानं पुढे चालवला. एप्रिलमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा, आणि सगळ्या जगानं एकाच क्षणी आरंभ करायचा. त्यात वाचणाऱ्यांइतकंच महत्त्व हुरूप देणाऱ्यांना असे. हे स्वयंसेवक रात्रभर अनोळखी लोकांच्या ब्लॉगवर जाऊन ‘कुठवर आलात, कोणतं पान’ विचारत फिरत. इतक्या उघड माणुसकीला आपण काय करणार? आपण वेळापत्रकाकडे बघू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे आठ वाजतात तेव्हा नागपुरात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. म्हणजे ते ताजेतवाने उठून वाचायला बसतात आणि तुम्ही दिवसभर भाजून निघाल्यावर.

एप्रिलच्या शेवटी पारा बेचाळीसच्या पुढे असतो, त्यामुळे बैठक कूलरसमोरच मांडावी लागते. मांडा. ओल्या हवेनं तासाभरात पानं लाटांसारखी फुगतात, कणा सैल पडतो, आणि पुस्तक पुन्हा कधी सपाट मिटत नाही. ज्यांना पुस्तक वाचवायचं असतं ते कूलरचा झोत बाजूला वळवून खिडकी उघडी ठेवतात आणि सकाळी पुस्तकावर वजन ठेवून सुकवतात. पण फुगलेलं पुस्तक भरपूर वाचल्यासारखं दिसतं, तेव्हा मधे पडू नका. रात्री दीडला टाकीतलं पाणी संपेल. बादली आणायला उठाल ते फ्रिज उघडून, फोन बघून अर्ध्या तासानं परताल. रात्री जाड, गंभीर कादंबरी घेतली तर दोनच्या पुढे तीच ओळ पाचव्यांदा वाचली जाते. जाणते लोक आधी जाड पुस्तक, मध्यरात्रीनंतर कथा किंवा चित्रकथा, पहाटे पुन्हा जाड असा क्रम लावतात. तुम्ही दर तासाला वाचनाची खबर टाकायची प्रथा तेवढी पाळा. एका खबरीला फोटो, मजकूर आणि लाईक म्हणून आलेल्या बदामांची मोजणी धरून वीस मिनिटं. चोवीस खबरींचे आठ तास होतात. सात तास झोप, तीन तास जेवणखाण, दोन तास कूलर. उरले चार. सकाळी तर्री पोहे आणायला जाल तो एक. तर्रीचा तांबडा थेंब पानावर पडलाच तर लगेच टिश्यू दाबून वर टाल्कम पावडर टाकली की तेल बरंचसं शोषलं जातं. पुसू नका, पुसलं की डाग पसरतो आणि मागचं पानही जातं.

ऑक्टोबरात पंधरा तारखेला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी हातात पुस्तक घेऊन उभं राहायचं असतं. बस, एवढंच.

त्याच्या मागेपुढे, दसऱ्याला, दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. १९५६ पासून येताहेत. गावोगावहून रेल्वेनं, एसटीनं येतात, रात्री मैदानात झोपतात, आणि परतताना पुस्तकं घेऊन जातात. स्टॉलच्या रांगाच्या रांगा असतात, पिशवी भरेपर्यंत निवड चालते, आणि दहा रुपयांची पुस्तिका घेणारा माणूसही ती उभ्या उभ्या चार पानं चाळून, शेजारच्या अनोळखी माणसाला ‘हे वाचलं का भाऊ’ विचारून घेतो. हे आपल्या हिशेबात धरायचं की नाही यावर चर्चा होऊ शकते, पण त्यांच्याकडे हॅशटॅग नाही, बॅज नाही आणि निळ्या मुखपृष्ठाचा चौकोन तर सगळ्यांचाच भरून जाईल. नियमात बसत नाही. सोडून द्या.

नोव्हेंबरमध्ये आकडा अडला असेल तर दिवाळी अंक मदतीला येतो. ‘मनोरंजन’नं १९०९ मध्ये पहिला काढला तेव्हापासून मराठी माणूस तो वाचत आला आहे, पण तो पुस्तक आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही. त्याला आयएसबीएन नसतो, पानं मात्र दोनशेच्या वर असतात. हा प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. पहिल्या दिवशी सत्तर निरोप. दुसऱ्या दिवशी आतली लघुकादंबरी वेगळी धरावी का यावर फूट. तिसऱ्या दिवशी एक काका ग्रुप सोडतील, संध्याकाळी त्यांना परत घेतलं जाईल. या तीन दिवसांत एकाही अंकाची अनुक्रमणिका उघडली जाणार नाही, आणि सगळ्यांना आपण साहित्यव्यवहारात गुंतलो आहोत असं वाटेल.

राहिलं वर्षअखेरचं संमेलन. जागा गोंगाटाची बघा. बर्डीवरचं एखादं उपाहारगृह, रविवारची संध्याकाळ. वाचनालयात जमायचं कोणी सुचवलं तर सांगा की सगळ्या खुर्च्यांवर स्पर्धा परीक्षावाले आहेत. खोटंही नाही ते. पुस्तकांची अदलाबदल ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळून, म्हणजे आत काय ते कळू नये. येणारा माणूस घरातलं कोणतं पुस्तक आणतो ते अनुभवानं सगळ्यांना ठाऊक आहे: लग्नात भेट मिळालेलं यशाचं रहस्य, नाही तर जुन्या अभ्यासक्रमाचं गाइड. हे टाळायचं असेल तर बाहेर चिठ्ठी लावायला सांगतात, ‘मला हे का आवडलं’, दोन ओळी. चिठ्ठी लिहायची म्हटली की लोक आपोआप बरं पुस्तक आणतात. तेव्हा चिठ्ठी नको.

नावांचे बिल्ले करू नका. वर्षभर ज्याच्या लेखाखाली ‘सुंदर परीक्षण’ लिहिलं तो शेजारी बसून समोसा खाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. आलेल्यांना गोल बसवायचं नाही, रांगेत बसवायचं, आणि प्रत्येकाला आपला आकडा सांगायला लावायचं: एकेचाळीस, टाळ्या, सत्तेचाळीस, जास्त टाळ्या. नऊ म्हणणाऱ्या बाई आल्या की टाळ्या जरा आखडत्या घ्या, आणि त्यांनी त्या नवांपैकी एकाबद्दल बोलायला सुरुवात केली तर वेळ संपल्याची खूण करा.

एवढं सगळं सांभाळूनही कोपऱ्यातल्या टेबलावर त्या बाई आणि यादीतला तो सव्विसावा, एका कादंबरीच्या शेवटावरून तावातावानं भांडताना दिसतीलच. ‘तुम्ही शेवटचं प्रकरण वाचलं तरी का?’ ‘दोनदा वाचलं बाप्पा, तुम्हीच काहीतरी भलतं धरून राहिले.’ चहा निवलेला, समोरचा फुगलेला पुस्तकाचा गठ्ठा उघडा पडलेला. वेटरला बिल आणायला सांगा आणि त्या दोघांना हाक मारा, ग्रुप फोटो राहिलाय.