बाळाचं दूध पितळेच्या टोपात नको

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पितळेच्या टोपांना हल्ली परत गिऱ्हाईक आलंय. शोभेला ठेवा, माझी हरकत नाही. पण परवा एका आजींनी नातवाचं दूध तापवायला टोप घेतला. आत कल्हईचा, म्हणजे कथिलाच्या थराचा, पत्ता नाही! वर, "आम्ही याच भांड्यांवर वाढलो." अहो, जे वाढले तेच हे सांगायला उरले ना.

एके काळी आपल्या देशात तान्ही-रांगती पोरं 'लिव्हर वाढून' जायची. पोट फुगायचं, यकृत हाताला टणक लागायचं, मग कावीळ, आणि बहुतेकदा काही महिन्यांत सगळं आटपायचं. कलकत्त्यात १८८७ साली या आजाराची नोंद झाली. एकाच घरातलं दुसरं भावंडही जायचं, म्हणून संशय रक्तातल्या दोषावर. चुलीवरच्या भांड्यावर कोणाचाच नाही.

१९७९च्या सुमारास या मुलांच्या यकृतात बेसुमार तांबं असल्याचं पुढे आलं. मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना विचारलं, वरचं दूध कधी सुरू केलं? कशात तापवलं? कशात ठेवलं? मला या सगळ्यात हेच फार आवडतं. उत्तर स्वयंपाकघरात होतं आणि ते आईला ठाऊक होतं, कोणी विचारलंच नव्हतं. आजारी मुलांना गाई-म्हशीचं दूध लवकर सुरू झालेलं, आणि तेही तांब्या-पितळेच्या भांड्यातलं. पितळेतही तांबंच असतं ना. दुधातलं केसीन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं, ते सरळ बाळाच्या पोटात. आईच्या दुधात तांबं असतं जेमतेम.

ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातही १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अशाच आजाराने गेली. तिथेही गाईचं दूध आणि तांब्याची भांडी. भांडी बदलली, आजार थांबला. पुण्याकडेही घरोघर स्टील आलं आणि हा आजार दिसेनासा झाला.

सगळ्याच मुलांना का नाही झाला, असं विचाराल. काहींच्या शरीराला तांबं बाहेर टाकणं जड जात असावं. पण आपलं बाळ त्यातलं आहे का, हे आधी कोण सांगणार?

पूर्वी कल्हईवाला दारात भाता लावायचा, नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि कथिलाचा थर आतून फिरायचा. परवा दुकानदाराला विचारलं, कल्हई कुठे करून मिळेल? म्हणाला, "कशाला? लिंबाने घासा, लख्ख होतं." लख्ख होतं हो, पण कथिल कुठून येणार? सोलकढीही त्यात करू नका. आंबट आणि उघडं पितळ, तो आणखी वेगळा वाद.