‘३० दिवसांत हिमालय’ या फॉरवर्डला उत्तर

मे महिन्याच्या सुट्टीतले हिमालयातले ट्रेक ठरायला लागले, की मुंबईतल्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज न चुकता फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईत डोंगर नाहीत, म्हणून महिनाभर रोज २० मजले धावत चढा. धाप लागली नाही तर तो व्यायामच नव्हे. ठोके ‘२२० वजा वय’ या आकड्याच्या जवळ न्या. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून मास्क लावा, सोबत कापूर ठेवा. उतरताना लिफ्ट घ्या, गुडघे वाचतील. आणि शेवटी ठळक अक्षरांत: चाळिशी ओलांडलेल्यांनी या भानगडीत पडू नये, कारण हृदयाचे ठोके मोजून मिळालेले असतात.

मेसेजचा वरचा भाग तरुणांना दमवतो आणि शेवटची ओळ त्यांच्या आईवडिलांना घाबरवते. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे, की डोंगरासाठी लागणारा दम धापा टाकूनच कमवावा लागतो.

‘धाप लागली नाही तर तो व्यायामच नव्हे’

डोंगरात आपण नेमकं करतो काय? पाठीवर सॅक घेऊन सहा-आठ तास संथपणे चढत राहतो. इतका वेळ चालणारं काम स्नायू प्राणवायूच्या मदतीने, चरबी आणि साखर दोन्ही जाळून करतात. स्नायूंमधला साखरेचा साठा बेताचा असतो, दीड-दोन तासांच्या जोरकस श्रमात तो संपत येतो. चरबी मात्र सडपातळ माणसाकडेही कित्येक दिवस पुरेल इतकी असते. वेग वाढून धाप लागू लागली की शरीर साखरेकडे झुकतं. त्यामुळे ज्याचा हलक्या श्रमाचा पाया कच्चा, त्याला साध्या चढणीवरही साखरच जाळावी लागते. दुपारी दोन वाजता त्याचे पाय चालेनासे होतात आणि सगळे म्हणतात, ‘स्टॅमिना कमी पडला’.

हा पाया संथ, लांब चालण्याने तयार होतो. पेशींतले मायटोकाँड्रिया, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारे घटक, वाढतात, स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं. जोरकस व्यायामानेही यातलं बरंच होतं, हे मान्य. पण तो आठवड्यात दोनदा झाला तरी अंग आंबून जातं, संथ व्यायाम मात्र आठवड्याला सात-आठ तास करता येतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसही गाठता येतं. स्टीफन सायलर या संशोधकाने नौकानयन, स्कीइंग, धावणं अशा दमाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सत्रं हलक्या तीव्रतेची निघाली. ‘आजोबांचा व्यायाम’ म्हणून आपण ज्याला नाकं मुरडतो, तोच जगज्जेते बहुतेक दिवस करत असतात.

संथ म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळाची गरज नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा चढता रस्ता यासाठी उत्तम. सोबत्याशी गप्पा मारत वरपर्यंत जाता आलं तर वेग बरोबर आहे, नुसते हुंकार निघू लागले तर कमी करा. मुंबईच्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही, रक्त त्वचेकडे वळतं, आणि त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. म्हणजे जानेवारीतला ‘संथ’ वेग एप्रिलमध्ये संथ राहत नाही. तेव्हा आणखी हळू चालावं लागतं, आणि नेमकं तेच लोकांना कमीपणाचं वाटतं.

‘२२० वजा वय’

हृदयाचे ठोके मिनिटाला जास्तीत जास्त किती पडू शकतात, याचा अंदाज देणारं हे सूत्र. त्याचा उगम १९७१ च्या सुमाराचा. फॉक्स आणि हॅस्केल या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून ओढलेली ती ढोबळ रेषा आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत २० चा फरक सहज असू शकतो. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी सुधारित सूत्र दिलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. साठीच्या माणसाला जुनं सूत्र १६० सांगतं, नवं १६६. तरी हेही सरासरीच, तुमच्या हृदयाला ते बांधील नाही. आणि रोज कमाल आकडा गाठायला सांगणं हा सल्ला तर कोणतंही सूत्र देत नाही.

‘महिनाभर पुरे’

महिन्याभरात दम वाढल्यासारखा वाटतो, आणि काही अंशी तो वाढतोही. रक्तातला द्रव भाग पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढतो. स्नायूबंध आणि अस्थिबंध मात्र मागे राहतात, त्यांना घट्ट व्हायला महिने लागतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, अगदी उत्साह भरात असताना, टाच किंवा गुडघ्याखालचा भाग दुखू लागतो. मेच्या ट्रेकसाठी दिवाळीनंतर सुरुवात करा.

जिने वाईट नाहीत. मुंबईकराला हाताशी असलेला चढ तोच आहे. २० मजले म्हणजे साधारण ६० मीटर. बोलता येईल इतक्या गतीने दहा फेऱ्या मारल्या तर ६०० मीटर चढाई होते, आणि एखाद्या सह्याद्री ट्रेकच्या जवळ जाणारं काम पायांना मिळतं. सोसायटीचा वॉचमन दोन दिवस विचित्र नजरेने बघेल, इतकंच. महिन्यातून एक-दोन रविवार कर्जत किंवा कसारा लोकल पकडून खऱ्या डोंगरात घालवा. जिन्यावर दगड निसटत नाहीत, म्हणून घोट्यांना खऱ्या वाटेची सवय हवीच. १,६४६ मीटरचं कळसूबाई असलं तर उत्तमच.

मास्क आणि कापूर

इथे फार वेळ घालवायला नको. उंचीवर हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण तेवढंच, सुमारे २१ टक्के असतं. घटतो तो हवेचा दाब. ५,३६४ मीटरवरच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पला तो समुद्रसपाटीच्या निम्म्याजवळ येतो. वरळीच्या फ्लॅटमध्ये मास्क लावल्याने दाब बदलत नाही, फक्त श्वास घ्यायला जड जातं. कापराच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही.

जास्त महत्त्वाची गोष्ट अशी, की फिटनेस उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. उलट दमदार गडी भराभर वर जातो आणि तोच आधी डोकं धरून बसतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच वाढवावा, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. ट्रेकचं बुकिंग करताना किमतीआधी हे वेळापत्रक बघा.

‘उतरताना लिफ्ट, गुडघे वाचतील’

गुडघे आधीच दुखत असतील तर लिफ्ट घ्या, हरकत नाही. बाकीच्यांचं यात नुकसान आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार रोखतो. या कामात तंतूंना बारीक इजा होते आणि एक-दोन दिवसांनी मांड्या भरून येतात. पण हे काम थोडं थोडं करत गेलं, तर पुढच्या वेळी तोच उतार फार कमी त्रास देतो. लिफ्टने उतरणाऱ्याला हा सराव कधी मिळतच नाही. मग हरिश्चंद्रगडावरून उतरताना त्याचे गुडघे बोलू लागतात आणि दोष डोंगराला जातो.

चालण्या-धावण्याने गुडघे झिजतातच, हेही खरं नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात हौशी धावपटूंमध्ये गुडघा व खुब्याच्या सांध्यांची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली, बैठ्या लोकांत १०.२ टक्के. मात्र व्यावसायिक धावपटूंत ती १३.३ टक्के होती. म्हणजे अतिरेकाची किंमत आहे, पण खुर्चीचीही आहेच.

‘ठोके मोजून मिळालेले असतात’

क्षणभर हे मानूनच हिशेब करू. मिनिटाला ७२ ठोके म्हणजे दिवसाला १,०३,६८०. आता नियमित चालणारी एक मावशी घ्या. विश्रांतीचे ठोके ५८, आणि दिवसातला एक तास १३० ने. तिची बेरीज ८७,८४० होते. व्यायाम करूनही दिवसाला जवळपास १६ हजार ठोके शिल्लक! या हिशेबाला वैद्यकीय अर्थ काही नाही, पण मेसेज त्याच्याच तर्काने पडतो.

भीतीचा खरा भाग वेगळा आहे आणि तो लपवू नये. स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की शर्यतीत उतरलेल्या ५२ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. ज्यांनी जास्त शर्यती पूर्ण केल्या, ज्यांचा वेग जास्त होता, त्यांच्यात ठोक्यांच्या अनियमिततेचं प्रमाण अधिक दिसलं. वर्षानुवर्षं शर्यतींमागून शर्यती करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. वर्षातून एक हिमालय आणि पावसाळ्यातले चार किल्ले करणारा त्या गटात बसत नाही. आणि अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांपैकी ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा ती संपताच बंद पडलं. प्रमाण अत्यल्प, पण त्यातल्या अनेकांना हृदयाचा विकार आधीपासून होता.

आपल्यासाठी यात महत्त्वाचं हे, की भारतीयांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार तुलनेने लहान वयात दिसतो. म्हणून चाळिशी ही रेषा चुकीच्या जागी ओढली आहे. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, किंवा घरात कुणाला कमी वयात आलेला हार्ट अटॅक, यांपैकी काही असेल तर वय ३२ असो वा ५२, जोरकस सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. यातलं काहीच नसेल तर पन्नाशीतही संथ चालण्याने सुरुवात करायला हरकत नाही. चढताना छातीवर दाब आला, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, भोवळ आली, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत पुढची टेकडी चढू नका. थांबा, सोबत्यांना सांगा, आणि सर्वांत जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या.