‘मशीनचा आत्माच काढलात’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मामांच्या काजू फॅक्टरीतल्या एक्सटीवरचा, म्हणजे 1980 च्या दशकातल्या आयबीएम धाटणीच्या पीसीवरचा, माझा लेख वाचून तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. नीट तपास न करताच मी ‘कंट्रोलर (हार्ड डिस्क चालवणारं कार्ड) मेला’ असं लिहिलं. जुन्या बाजारातून एखादं दुसरं कंट्रोलर कार्ड आणून लावायला हवं होतं. आणि हार्ड डिस्कच्या जागी सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड घालून मी मशीनचा आत्माच काढून घेतला. तिन्हींना उत्तर देतो, कारण दुसऱ्या आक्षेपातला सल्ला वाचून कुणी तसं केलं, तर त्याच्या डिस्कवरचा सगळा डेटा जाईल.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. सुरू करताना स्क्रीनवर 1701 हा एरर कोड आला, एवढ्यावरून कंट्रोलरला दोष देता येत नाही. हार्ड डिस्कच्या बाजूला काहीतरी बिघडलंय, इतकंच तो आकडा सांगतो. कार्ड, केबल, ड्राइव्ह की ड्राइव्हची पॉवर, हे आपणच शोधायचं. मी शोधलं होतं, पण लेखात गाळलं. ते इथे लिहितो.

हा एक्सटी वेंगुर्ल्याला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माळ्यावर कितीतरी पावसाळे पडून होता. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा 1701 सुद्धा आलं नाही. सप्लायचा पंखा जरासा हलला आणि थांबला. कंट्रोलर कार्ड काढलं की सप्लाय सुरू, लावलं की बंद. मल्टिमीटर लावला तर कार्डावरच्या 12 व्होल्टच्या लाइनवरचा पिवळा टॅन्टलम कॅपॅसिटर सरळ ग्राउंडला शॉर्ट. 16 व्होल्टचा होता, मी 25 व्होल्टचा बसवला. त्यानंतर मशीन उठलं आणि मग 1701 दिसलं. म्हणजे कार्ड मेलेलं नव्हतंच. लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलंय.

1701 चं कारण आमच्या हवेत होतं. एसटी-225 या 20 एमबीच्या हार्ड ड्राइव्हच्या मागे दोन केबल्स लागतात, 34 पिनांची कंट्रोलची आणि 20 पिनांची डेटाची. रिबन ओढून काढली तर ड्राइव्हच्या कडेच्या पट्ट्यांवर हिरवट थर होता, आणि बोट फिरवलं की खरखरीत लागत होतं. तुम्ही खोडरबर सुचवलाय. मी तो वापरत नाही. त्यानं मुलामा झिजतो, आणि एकदा का खालचं तांबं उघडं पडलं की खाऱ्या हवेत पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं, तीन-चार हात. कार्डावरच्या सॉकेटमधली रॉमची चिप उचलून तिचे पायही पुसले.

तरीही सुरुवातीला अर्ध्या फाइल्स वाचता येत नव्हत्या. अर्धा तास नुसतं चालू ठेवल्यावर यायला लागल्या. या ड्राइव्हमध्ये डेटा वाचणारं हेड स्टेपर मोटरवर सरकतं. पावलं मोजून जागेवर जातं, पण ट्रॅक खरंच खाली आहे का हे बघत नाही. धातू तापून प्रसरण पावला की ती जागा केसभर सरकते. थंड ड्राइव्ह वाचत नाही म्हणून लगेच फॉरमॅट मारायला जाऊ नका, आधी तापू द्या.

आता दुसरा आक्षेप, ज्यासाठी मुख्यतः हे उत्तर लिहितोय. एमएफएमच्या (डिस्कवर लिहिण्याच्या तेव्हाच्या पद्धतीच्या) काळात डिस्कवर सेक्टरची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, मांडणी ड्राइव्ह ठरवत नसे, कंट्रोलर ठरवत असे. एका कार्डानं लिहिलेलं दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला बहुतेकदा वाचता येत नाही. नवं कार्ड लावलं की ते लो-लेव्हल फॉरमॅट (सेक्टर नव्यानं आखणं) मागतं, लोक डॉसच्या डीबग प्रोग्राममध्ये जाऊन ते सुरू करणारी जी=सी800:5 ही आज्ञा मारतात, आणि मामांचे हजेरीपट, काजूबियांच्या खरेदीच्या वह्या, सगळं पुसलं जातं. त्यात आणलेलं कार्ड आरएलएलचं (जास्त दाट लिहिणाऱ्या पद्धतीचं) निघालं तर ते ट्रॅकवर 17 ऐवजी 26 सेक्टर बसवायला बघतं. 20 एमबीचे 30 झाले म्हणून माणूस खूश होतो, पण एसटी-225 चा पृष्ठभाग त्यासाठी बनवलेला नाही. म्हणून मी कार्ड बदललं नाही, तेच दुरुस्त केलं.

मग आधी कॉपी. 615 सिलिंडर, 4 हेड, 17 सेक्टर, म्हणजे 2,14,11,840 बाइट. सीरियल केबलवरून 9600 च्या वेगानं सगळी डिस्क काढायला सहा तासांहून जास्त लागतात, आणि आमच्याकडे आगोटीच्या (पावसाळ्याच्या तोंडावरच्या) दिवसांत सलग सहा तास वीज राहील याचा भरवसा नाही. म्हणून आधी हिशेबाचं फोल्डर, मग बाकीचं. मामा शेजारी बसून होते. सुरुवातीला म्हणाले होते, “जमला तर बघ, नाय तर ऱ्हवांदे.” जुन्या कामगारांच्या नावांची यादी स्क्रीनवर आली तेव्हा मात्र एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले.

एवढं झाल्यावरच मी सीएफ कार्ड जोडण्यासाठी एक्सटी-आयडीई कार्ड लावलं. एक्सटीची बस (कार्डांकडे डेटा नेणारी वाट) 8 बिटांची, आयडीई या नंतरच्या डिस्क-जोडणीचा डेटा 16 बिटांचा. हे कार्ड अर्धा भाग धरून ठेवतं आणि दोन खेपांत देतं. पार्टिशन त्याच मशीनवर केलं, कारण दुसऱ्या पीसीवर केलेल्या सीएफ कार्डाची भूमिती (सिलिंडर, हेड, सेक्टरची मोजणी) जुळेलच असं नाही. डॉस 3.3 असल्यामुळे एक पार्टिशन 32 एमबीच्या पुढे जात नाही. मामांच्या हिशेबांना तेवढं भरपूर झालं.

राहिला आत्मा. ड्राइव्ह सुरू होतानाची ती चढत जाणारी घरघर मलाही आवडते. पण या ड्राइव्हला श्वासाचं छिद्र असतं. त्यावरचा फिल्टर धूळ अडवतो, दमट हवा अडवत नाही. दमट हवेत रोज चालवून तो संपवायचा की जपायचा, यात मी जपणं निवडलं. ड्राइव्ह, त्याचं कार्ड आणि दोन्ही केबल्स एकाच घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, एकाच लेबलखाली ठेवल्यात. जोडी मोडलेली नाही.

तुमच्याकडे एक्सटी आहे असं लिहिलंत. त्यातलं कार्ड हलवण्याआधी जम्परांचे (सेटिंगसाठी पिनांवर बसवलेल्या छोट्या टोप्यांचे) आणि रॉमवरच्या चिकटपट्टीचे फोटो काढा आणि मला पाठवा. तोवर डीबग उघडू नका.