आत्या, ती कात्री आधी खाली ठेव

रविवारी मानेवाड्याहून आत्याचा फोन आला. "काऊन रे, साळुंकीच्या पिल्लाची जीभ किती कापायची असते?" पिल्लू कूलरमागच्या घरट्यातून पडलेलं, चपलांच्या खोक्यात ठेवलेलं. आणि डोक्यात तो फॉरवर्ड, 'साळुंकी आणि सील : निसर्गाचे दोन बोलके चमत्कार'. आमच्या फॅमिली ग्रुपवर ही त्याची तिसरी फेरी.

त्यात लिहिलंय, 'साळुंकीच्या जिभेचं टोक कापून तिखट लावा, महिन्यात माणसासारखी बोलेल.' अरे बाप्पा! पक्ष्याचा आवाज जिभेतून निघतच नाही. श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे छातीत खोल त्याचं स्वरयंत्र असतं, सिरिंक्स. साळुंकी नक्कल करते ती कानाने ऐकून, सराव करून. जीभ कापली तर रक्त जाईल, दाणा गिळता येणार नाही आणि पिल्लू मरूही शकतं. वर देशी पक्षी पिंजऱ्यात ठेवणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळंच.

'सील हा बोलणारा मासा.' मासा नाही, समुद्रात राहणारा सस्तन प्राणी. पिल्लांना दूध पाजतो. पुढे.

'अमेरिकेत एक सील इंग्रजी बोलायचा.' हे मात्र, नाइलाजाने सांगतो, खरं आहे. हूवर त्याचं नाव. 1971 साली मेन राज्यात एका कुटुंबाला हे अनाथ पिल्लू सापडलं, त्यांनी घरच्या बाथटबमध्ये ठेवलं. नंतर बोस्टनच्या मत्स्यालयात तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना घोगऱ्या आवाजात 'हॅलो देअर' म्हणायचा. 1985 मध्ये गेला. पण 'त्याला सगळा अर्थ कळायचा' ही फॉरवर्डवाल्याची पदरची फोडणी.

2019 मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन ग्रे सीलना 'ट्विंकल ट्विंकल'च्या चालीतले सूर आणि माणसाच्या बोलण्यातले स्वर यांची नक्कल शिकवली. सीलचा आवाज आपल्यासारखाच घशातून येतो आणि वरच्या, तोंडाच्या पोकळीत घडतो. म्हणजे तोंडाचा आकार महत्त्वाचा कोणाला, तर सीलला! फॉरवर्डवाल्याने कात्री लावली भलत्याच प्राण्याला.

'पक्ष्याचा मेंदू एवढासा, तो काय शिकणार' यावर वेळ घालवत नाही.

आत्याने संध्याकाळी स्टुलावर चढून पिल्लू घरट्यात परत ठेवलं. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देईल, ही तिची पुढची भीती. दहा मिनिटांत साळुंकी चोचीत अळी घेऊन आली. कूलर मात्र आत्याने बंद ठेवलाय, मे महिन्यात, नागपुरात.