'कट्यार' नाटकातली आणि पडद्यावरची: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावरून पडद्यावर येताना तिच्या गाण्याचं काय झालं, यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. दोन ओळींत आभार मानून तुमचे मुद्दे सोडून देणं मला बरं वाटलं नाही, म्हणून ही वेगळी पोस्ट. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी चित्रपटाला नाटकाच्या मापाने मोजतो. पदं लहान झाली म्हणून हळहळतो आणि त्याच लेखात नव्या गाण्यांना डोक्यावर घेतो, म्हणजे माझं मलाच ठरलेलं नाही. वसंतराव देशपांडे मी प्रत्यक्ष पाहिले तरी आहेत का? की जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून तयार झालेल्या आठवणींवरच बोलतोय? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, 'हा चित्रपट आला नसता तर माझ्या मुलीला नाट्यपद म्हणजे काय हेसुद्धा कळलं नसतं.'

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. नाही, मी वसंतरावांना रंगमंचावर पाहिलेलं नाही. ते १९८३ साली गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्या घरी कॅसेट होती आणि वडील ती रविवारी सकाळी लावायचे. वसंतराव नाटकात ज्यांची भूमिका करायचे ते गवई खाँसाहेब आफताब हुसेन माझ्यासाठी बराच काळ फक्त एक आवाज होते. तेव्हा वसंतरावांच्या प्रयोगांची आठवण काढून चित्रपटाला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. पण माझा लेख त्या आठवणीवर उभा नाही. तो उभा आहे २०१० साली पुन्हा रंगमंचावर आलेल्या 'कट्यार'वर. दिग्दर्शन सुबोध भावे यांचं होतं. राहुल देशपांडे खाँसाहेब झाले होते आणि महेश काळे सदाशिव, म्हणजे त्यांचं गाणं चोरून ऐकून शिकणारा तरुण. पाच वर्षांनी, २०१५च्या दिवाळीत चित्रपट आला. दिग्दर्शक तेच, खाँसाहेबांचा गळा राहुल देशपांडे यांचाच, सदाशिवचा गळा महेश काळे यांचाच. फक्त पडद्यावर खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकर यांचा होता आणि सदाशिवचा खुद्द सुबोध भावे यांचा.

म्हणून मला ही तुलना महत्त्वाची वाटते. एरवी नाटक आणि त्यावरचा चित्रपट यांच्यात माणसं बदलतात, काळ बदलतो, मग फरक कशामुळे पडला ते नीट कळत नाही. इथे गळे तेच राहिले आणि शरीरं बदलली. संगीत नाटकात गाणाऱ्या माणसाचं शरीर काय काम करतं हे पाहायला यापेक्षा चांगली संधी मराठीत क्वचितच मिळाली असेल.

'कट्यार'पुरतं हे शरीर का महत्त्वाचं, ते सांगतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक गायकांबद्दल आहे. 'नाट्यसंपदा' या संस्थेने ते १९६७ साली रंगमंचावर आणलं तेव्हा दारव्हेकरांनी आणि संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी एक मोठी जोखीम घेतली होती. इतर संगीत नाटकांत पात्र प्रेमात पडतं, रागावतं, रुसतं आणि मग गातं. 'कट्यार'मध्ये गाणं हाच झगडा आहे. राजगायक कोण, त्याला मिळणारी हवेली कुणाची, मानाची ती कट्यार कुणाच्या कमरेला, हे सगळं गाण्यावर ठरतं. त्यामुळे खाँसाहेब थोर गायक आहेत असं कुणीतरी संवादात सांगून भागत नाही. ते समोर गाऊन दाखवावं लागतं, प्रत्येक प्रयोगाला, नव्याने. प्रेक्षागृहात बसलेला माणूस त्या वेळी प्रेक्षक राहत नाही, दरबारातला श्रोता होतो. निकाल त्याच्या कानांनी लागतो.

२०१०च्या त्या प्रयोगातली एक गोष्ट माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. खाँसाहेब गात होते आणि एका लांब तानेच्या शेवटी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना राहुल यांचा श्वास जवळजवळ संपला होता. मला तो संपताना दिसला. मानेची शीर, किंचित पुढे आलेला खांदा, तबलजीकडे गेलेली नजर. सम आली आणि सबंध नाट्यगृहाने एकदम श्वास सोडला. टाळ्या त्यानंतर आल्या. खाँसाहेबांचा अहंकार, त्यांची गाण्यावरची जीवघेणी माया आणि हरण्याची भीती हे सगळं त्या एका श्वासात होतं. त्यासाठी वेगळा संवाद लिहायची गरजच नव्हती. हा माणूस पुढे कितीही वाईट वागला तरी मला त्याचा राग पूर्णपणे धरता येणार नव्हता, कारण त्याने गाण्यासाठी काय पणाला लावलंय ते मी पाहिलं होतं.

पडद्यावर आवाज तोच आहे, कदाचित जास्त स्वच्छ. पण तो स्टुडिओत आधीच गायला गेलाय. तान चुकण्याची शक्यता उरलेली नाही आणि श्वास दुसऱ्याच्या छातीत आहे. सचिन पिळगांवकर यांनी खाँसाहेबांची नजर फार चांगली पकडली आहे, असं मी आधीच्या लेखातही म्हटलं होतं आणि आजही म्हणतो. गद्य प्रसंगांत ती नजर बोचते. पण तान सुरू झाली की चेहऱ्यावर श्रम दिसतात आणि गळ्यात ते दिसत नाहीत. हा नटाचा दोष नाही, पार्श्वगायनाच्या पद्धतीतच तो आहे. प्रेमगीतात ही पद्धत खपून जाते, कारण तिथे गाणं हे मनातल्या भावनेचं रूप असतं. ज्या कथेत पात्राचं कामच गाणं आहे, तिथे मात्र ती उघडी पडते.

कॅमेऱ्याबद्दल तुम्ही विचारलंय की, श्रोत्यांचे चेहरे दाखवले तर त्यात बिघडलं काय? सांगतो. खाँसाहेब गात असतात, मध्येच कॅमेरा ऐकणाऱ्याकडे जातो, त्याच्या डोळ्यांत पाणी असतं किंवा भीती असते. म्हणजे हे गाणं मला कसं लागायला हवं, ते मला आधीच सांगितलं जातं. चोरून गाणं ऐकणाऱ्या सदाशिवचं उदाहरण घ्या. रंगमंचावर गाणारे खाँसाहेब आणि ऐकणारा सदाशिव एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात. कधी कुणाकडे बघायचं ते मी ठरवतो. एकदा मी एक अख्खं आवर्तन सदाशिवच्या बोटांकडे बघण्यात घालवलं होतं, ती मांडीवर नकळत मात्रा मोजत होती. चित्रपटात ही निवड संकलक करतो. बहुतेक वेळा तो ती चांगली करतो, पण करतो तोच.

आता पदांच्या लांबीबद्दल. इथे तुमचं म्हणणं मला बऱ्याच अंशी पटलं आणि माझ्या आधीच्या लेखातलं ते वाक्य मी मागे घेतो. 'पदं कापली' असं मी तक्रारीच्या सुरात लिहिलं होतं. रंगमंचावर रंगलेलं पद दहा-बारा मिनिटं चालतं, वन्समोअर आला तर आणखी. तसंच्या तसं पडद्यावर ठेवलं असतं तर कथा जागीच थांबली असती. गायक पात्र सोडून मैफलीत रमतात आणि नाटक बाजूला पडतं, ही तक्रार खुद्द संगीत नाटकाबद्दलही पिढ्यान् पिढ्या होत आलीच आहे. तेव्हा लांबी हा माझा मुद्दा नव्हताच, मी तो चुकीच्या शब्दांत मांडला. मला सलते ती बढत, म्हणजे गाणं हळूहळू फुलवत नेणं, गेल्याची गोष्ट. चार मिनिटांतही एखादी जागा दोनदा वेगळी घेता येते, पहिल्यांदा चाचपत आणि दुसऱ्यांदा खात्रीने. चित्रपटात जुनी पदं बहुधा पहिल्या क्षणापासून शिखरावर असतात. मागे वाद्यमेळ भरलेला असतो. नाटकातली ऑर्गन-तबल्याची साथ गायकाला मोकळी जागा सोडायची, त्या जागेत तो काय करतो हे ऐकायला मिळायचं.

'घेई छंद मकरंद' ऐका. अभिषेकींनी एकाच पदाची दोन रूपं केली, एक खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडित भानुशंकर यांचं, संथ आणि शांत, दुसरं खाँसाहेबांचं, चपळ आणि तानांनी भरलेलं. शब्द तेच, माणसं दोन. दोन घराण्यांचं, दोन स्वभावांचं भांडण एकाही शब्दाशिवाय कळतं. माझ्या मते मराठी नाट्यसंगीतात पात्ररचनेसाठी चालीचा इतका नेमका उपयोग क्वचितच झाला असेल. चित्रपटाने दोन्ही रूपं ठेवली, शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांच्या आवाजात, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. दोघंही उत्तम गायले आहेत.

आणि इथेच तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आहे, माझं मलाच ठरलेलं नाही या आरोपाचं. माझं ठरलेलं आहे. चित्रपट जिथे नाटक सोडून स्वतःच्या वाटेने गेला तिथे तो मला जास्त आवडला, आणि जिथे नाटकातलं जसंच्या तसं सांभाळायला गेला तिथे कमी. चित्रपटाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांचं 'सूर निरागस हो' घ्या. ते चित्रपटात नांदीचं काम करतं, पण नांदीची नक्कल करत नाही. गणपतीला केलेल्या वंदनातून पंडितजींचा, म्हणजे भानुशंकरांचा, सबंध स्वभाव आपल्यापुढे उभा राहतो, आणि शंकर महादेवन स्वतःच पडद्यावर पंडितजी झाल्यामुळे तिथे गळा आणि चेहरा एकाच माणसाचे आहेत. मला ते गाणं इतकं खरं का वाटतं, त्याचं अर्धं कारण हेच असणार. 'अरुणी किरणी'बद्दलही तेच. महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो या नव्या गाण्यासाठी, जुन्या पदासाठी नव्हे. अभिषेकींच्या शिष्याला नव्या चालीत मोकळं होता आलं, जुन्या पदात त्याच्यासमोर आधीच एक उंच भिंत उभी होती.

कथेतही असंच झालं. नाटकात पंडितजींच्या वाट्याला फार थोडं येतं, ते बहुतांशी त्यांच्या नसण्यातूनच जाणवतात. चित्रपटाने त्यांना समोर आणलं. ते खाँसाहेबांना स्वतः विश्रामपूरला घेऊन येतात, दोघांमधला स्नेह आपण पाहतो, मग खाँसाहेबांचं वर्षानुवर्षांचं हरणं पाहतो. हे नाटकाला परवडलं नसतं, पडद्याला परवडतं. प्रकाश कपाडिया यांच्या पटकथेतली ही सर्वांत चांगली गोष्ट. त्याची किंमतही मोजावी लागली: नाटकातल्या खाँसाहेबांची थोरवी आधी कानांना पटते आणि मग त्यांचा हेवा समजतो. चित्रपटात हेवा आधी समजतो. त्यामुळे अनेकांना ते खलनायक वाटले. तुम्हीसुद्धा प्रतिक्रियेत 'तो दुष्ट खाँसाहेब' असंच लिहिलंय, म्हणून विचारतो, नाटक पाहून आलेल्या कुणाच्या तोंडून हा शब्द तुम्ही ऐकलाय का? मी तरी नाही ऐकलेला.

तुम्ही म्हणाल, मग पडद्यावर संगीत नाटक होऊच नये का? व्हावं की. २०२२ साली 'मी वसंतराव' आला. ते नाटकाचं रूपांतर नाही, वसंतरावांच्या आयुष्यावरचा चित्रपट आहे, पण माझ्या मुद्द्याला तो फार जवळचा आहे. राहुल देशपांडे तिथे आपल्या आजोबांची भूमिका करतात आणि स्वतःच गातात. गाणं मुद्रित केलेलंच आहे, तरी ज्याने ते गायलं त्याच्याच शरीराला ती तान आठवते आहे. कॅमेरा कितीही जवळ गेला तरी काही लपवावं लागत नाही. पडद्यालाही तो श्वास पेलतो हे तिथे मला पटलं. 'कट्यार'च्या वेळी खाँसाहेबांसाठी गाणाऱ्यालाच उभं करण्याचं धाडस झालं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही. लोकप्रिय चेहरा नसता तर चित्रपट इतक्या लोकांपर्यंत पोचला नसता, हे व्यवहाराचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटं नाही.

राहिली तुमची मुलगी. तुमची ती ओळ मी तीन-चारदा वाचली. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. आमच्या सोसायटीच्या गणपतीत 'सूर निरागस हो' गाणारी मुलं मी दरवर्षी ऐकतो आणि त्यांतली बरीचशी या चित्रपटातूनच या गाण्यांकडे आली आहेत. हे काम गेल्या कित्येक वर्षांत कुठल्याही नाट्यसंस्थेला जमलं नव्हतं. या चित्रपटाबद्दल मी इतकं बारकाईने लिहितो ते त्याच्यावर जीव आहे म्हणूनच. तीनदा पाहिलाय, तिसऱ्यांदा आईला घेऊन. 'या भवनातील गीत पुराणे' सुरू झाल्यावर ती अंधारात हळू आवाजात गुणगुणत होती, अगदी शेवटपर्यंत.

मुलगी चित्रपट पाहून 'घेई छंद' शिकते आहे असं तुम्ही लिहिलंय. खाँसाहेबांचं रूप शिकत असेल, मुलांना तानांची ओढ असते. तिला पंडितजींचं संथ रूपही द्या. आणि मग एकदा वसंतरावांचं जुनं ध्वनिमुद्रण लावून तिला फक्त श्वास ऐकायला सांगा, तो कुठे घेतात आणि कुठे घ्यायचा टाळतात. 'कट्यार'चा प्रयोग तुमच्या गावाजवळ लागला तर तिला पुढच्या रांगेत बसवा, तिकीट महाग असलं तरी. ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा.