मामाजींनी ओटीपी कुणालाच दिला नव्हता

लिहू की नको करत करत किती दिवस गेले. पण परवा शेजारच्या गावातल्या एका काकाजींच्या खात्यातले पैसे सिम बदलून चोरले, माझ्या सासऱ्यांचे गेले तसेच, अन पारावर बसलेल्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "बुढ्यानं ओटीपी देल्ला असन ना कोनाले?" तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. लांब आहे, पण वाचा, अन घरच्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कोरडवाहू वावर, पऱ्हाटी, तूर, थोडं सोयाबीन. मी गावातच अंगणवाडी सेविका आहे. २०२५ च्या जानेवारीत २२ क्विंटल कापूस सीसीआयला, म्हणजे कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला दिला, ७५२१ चा हमीभाव होता, ओलावा-बिलावा कापून पैसे थेट मामाजींच्या खात्यात आले. आधीचं थोडं धरून खात्यावर १ लाख ६३ हजार होते. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांचा फोन साधा बटनाचा, मागचं झाकण निसटते म्हणून रबर लावलेलं. व्हॉट्सॲप नाही, यूपीआय नाही, एटीएम कार्ड आलं होतं तेही पाकिटातच पेटीत पडून. पैसे काढायचे तर गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर थम लावायचा, बस. आम्हाला वाटायचं की यांच्या फोनमध्ये काहीच नाही तर चोर नेणार काय.

२१ जानेवारी, मंगळवार. दुपारी मामाजी वावरातून आले अन म्हणाले, टॉवर नाई येऊन रायला. बॅटरी काढली, सिम काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, परत टाकलं. नाहीच. मग धुऱ्यावरच्या निंबाजवळ जाऊन पाहून आले, तिथं नेहमी दोन काड्या तरी येतात. तिथंही नाही. मी भाकरी टाकत होते, मी म्हटलं येईल मामाजी, लाईन गेली असेल. ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही.

आता खेड्यात राहणाऱ्यांना हे समजेल. आपल्याकडं टॉवर जाणं ही काय बातमी आहे का? डीपी जळते, वादळ येते, टॉवरचं डिझेल संपते, दोन-दोन दिवस फोन मुका असतो अन कुणी काही म्हणत नाही. शहरात अर्धा तास नेटवर्क गेलं तर माणूस कासावीस होते, आपल्याला सवय झाली आहे. अन याच सवयीत आपण फसतो. कारण त्या दिवशी शेजारच्या घरी त्याच कंपनीचं सिम होतं अन त्यांचा फोन चांगला चालू होता. मामाजी स्वतः सांगत होते की त्याईचा लागते, माहाच नाई लागत. तेवढ्यावरून आमच्या डोक्यात यायला पाहिजे होतं, नाही आलं.

झालं असं होतं की कुणीतरी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या दुकानात जाऊन, माझं सिम हरवलं म्हणून सांगून, मामाजींच्या नावाच्या कागदावर त्याच नंबरचं नवं सिम काढलं. नवं चालू झालं की जुनं मरते. आधी मामाजींच्या फोनवर कंपनीचा एक मेसेज येऊन पडला होता, इंग्रजीत. ज्याला मराठी वाचायला चष्मा लागतो त्याला इंग्रजी मेसेज पाठवून तुम्ही नेमकी कोणती खात्री करता हे मला कंपनीवाल्यांनी सांगावं.

कागद कुठून गेले हे आम्हाला आजपर्यंत कळलं नाही. एका रात्री बसून मोजलं, दोन वर्षांत मामाजींच्या आधारची झेरॉक्स कुठं कुठं दिली. पीक कर्ज, पीक विमा, पीएम किसान, फार्मर आयडी, गॅसची केवायसी, कापसाची नोंदणी, ठिबकचा अर्ज. अकरा जागा निघाल्या. एकाही झेरॉक्सवर आम्ही आडवी रेघ मारून कशासाठी दिली ते लिहिलं नव्हतं. आता लिहितो, तारखेसकट. अन जिथं चालते तिथं मास्क्ड आधार देतो, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या. सिम बदललं की नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचे असा दूरसंचार खात्याचा नियम आहे. म्हणजे चोराच्या हातात सिम आलं तरी ओटीपीचा मेसेज त्याला दुसऱ्या दिवशीच मिळतो. ते २४ तास आपले असतात हो! त्या वेळात नंबर बंद केला तर पुढचं काहीच होत नाही. आमचे ते २४ तास निंबाखाली काड्या पाहण्यात गेले.

बुधवारी संध्याकाळी त्यानं त्याच्या फोनवर मामाजींच्या खात्याचं यूपीआय चालू केलं. लोक म्हणतात एटीएम कार्डाशिवाय कसं होईल. होते. आधारचे आकडे अन आधारला जोडलेल्या नंबरवर येणारा ओटीपी, एवढ्यावरही यूपीआयचा पिन तयार करता येते. नव्या फोनवर पहिल्या २४ तासात ५००० च्या वर जात नाही म्हणून त्या दिवशी ५००० गेले. गुरुवारी रात्री ४५ हजार, अन अकरा मिनिटांनी परत ४५ हजार. बँकेचे मेसेज सगळे आले, पण ते त्याच्याच हातातल्या सिमवर.

शुक्रवारी संध्याकाळी मामाजी फवारणीच्या औषधासाठी पैसे काढायला केंद्रावर गेले. थम लावला. पोरगा म्हणे आजोबा, अडुसष्ट हजार दाखवते. मामाजी घरी आले ते काही बोललेच नाही, ओसरीत बसले अन चिठ्ठी माझ्यापुढं धरली. हात थरथरत होता. मग म्हणाले, "सूनबाई, मले कोनाचा फोन नाई आला वं. म्या कोनाले काई सांगतलं नाई."

कुणी काही विचारायच्या आधीच त्यांनी सफाई दिली. सत्तर वर्षांचा माणूस, ज्यानं कधी कुणाचा रुपया ठेवला नाही, तो आपल्या घरात आरोपीसारखा बोलत होता. कारण त्यांनाही माहीत होतं की लोक काय म्हणतील. अन लोक तेच म्हणाले. दिराचे मित्र म्हणाले, नातेवाईक म्हणाले, सोमवारी बँकेतले साहेबही म्हणाले. फोन लावला की टोनमध्ये ओटीपी देऊ नका, ओटीपी देऊ नका हे इतके महिने ऐकलं ना आपण, चांगलंच होतं ते, पण त्यातून सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलं की ज्याचे पैसे गेले त्यानंच ओटीपी दिला. सिम बदलून चोरी होते तेव्हा ओटीपी मागायची गरजच नसते, तो सरळ चोराकडंच जाते. अन या बोलण्याचा खरा तोटा काय, तर माणूस लाजेनं गप्प बसते. परवाचे काकाजी सहा दिवस बायकोलाही बोलले नाहीत. सहा दिवस! यात पैसा तीन-चार खात्यांतून फिरून कुठल्या कुठं जाते.

आमच्याकडंही सगळे म्हणत होते, आता बँक उघडल्यावर पाहू. अन बँक कधी उघडणार? दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, त्याच्यानंतर रविवारी २६ जानेवारी. सोमवारची वाट पाहिली असती तर राहिलेले अडुसष्ट हजारही गेले असते, चोराचा यूपीआयचा एक दिवसाचा कोटा संपला होता म्हणूनच ते उरले होते. दिराच्या फोनवरून मी आधी बँकेच्या टोल फ्री नंबरला लावून खातं गोठवायला सांगितलं. नुसतं एटीएम कार्ड बंद करा म्हणू नका, खात्यातून काहीच बाहेर जाऊ देऊ नका म्हणा. मग १९३० लावला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. रात्रीही लागते तो. खाते नंबर, किती गेले, कधी गेले, व्यवहाराचा नंबर, हे विचारतात. केंद्रावरच्या पोरानं मिनी स्टेटमेंट काढून दिलं होतं, नाहीतर आमच्याजवळ एकही मेसेज नव्हता. त्यांनी तक्रार नंबर दिला अन पैसा पुढं ज्या खात्यांत गेला तिथं अडवायला लावला. त्यातले ३८ हजार अडकले. गुरुवारी रात्रीच लावला असता तर अजून अडकले असते असं माझं मत आहे.

शनिवारी तालुक्याला कंपनीच्या दुकानात. मूळ आधार, मामाजी स्वतः, फोटो, थम. चोराचं सिम बंद झालं अन आमचं नवं निघालं, त्यावरही २४ तास मेसेज नाहीत हे लक्षात ठेवा, घाबरू नका. मी तिथं एकच गोष्ट धरून बसले, की सिम कोणत्या तारखेला, किती वाजता बदललं ते लेखी द्या. दोन तास नाही नाही म्हणाले, शेवटी दिलं. त्या एका कागदानं पुढं सगळं काम केलं. पोलीस स्टेशनला तोच जोडला. खोट्या कागदावर दुसऱ्याच्या नावानं सिम काढलं तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हा गुन्हा आहे, "तुमची चूक" नाही.

सोमवारी बँकेत लेखी अर्ज, त्याची शिक्क्यानिशी पोच. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं, त्यात लिहिलं होतं की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्या तिसऱ्यानंच केलं, अन ग्राहकानं बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात टाकायची, ९० दिवसांत निकाल लावायचा. अन ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. सहकारी बँकांनाही असाच नियम होता. मी अर्जात लिहिलं की तुमची सूचना आम्हाला मिळालीच नाही, ती चोराच्या सिमवर गेली, हा बघा कंपनीचा कागद.

तरीही बँकेनं हात वर केले. व्यवहार पिन टाकून झाला म्हणे. तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, जो बँकांविरुद्धच्या तक्रारी पाहतो, ऑनलाईन तक्रार टाकली, तिला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. अडकलेले ३८ हजार कोर्टाच्या आदेशानं मे महिन्यात सुटले, उरलेले ५७ हजार बँकेकडून ऑगस्टमध्ये आले. मधात पेरणी येऊन गेली. बियाणं-खतासाठी सासूबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या, त्याचं व्याज कुणी भरून दिलं नाही.

घरातलं अजून एक सांगते. माझ्या पोराचं जीमेल उघडताना दिसलं की पासवर्ड विसरला तर कोड मामाजींच्या नंबरवर जाणार. दहावीत असताना त्यानं आजोबांचा नंबर टाकला होता, विसरून गेला. म्हणजे त्या तीन दिवसांत पोराचा मेल, त्यातले फोटो, कॉलेजचे कागद, सगळं उघडं होतं. अशा जुन्या जोडण्या घराघरांत आहेत. पोरांना बसवा अन पाहायला लावा. आता त्याच्या जीमेलला ऑथेंटिकेटर ॲप आहे, म्हणजे कोड सिमवर न येता फोनमधल्या ॲपमध्येच तयार होते, अन बॅकअप कोड कागदावर लिहून पेटीत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवले. व्हॉट्सॲपला सगळ्यांनी सहा आकड्यांचा पिन टाकला, मग सिम कुणाकडं गेलं तरी पिनशिवाय तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर लगेच सुरू होत नाही. दूरसंचार खात्याच्या संचार साथी वेबसाईटवर मामाजींच्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं, तीन निघाले, एक आमचं नव्हतंच, तिथूनच 'माझा नंबर नाही' म्हणून कळवलं.

सिमलाही पिन लावता येते, बटनाच्या फोनवरही. पण आधी कंपनीचा मूळ पिन माहीत करून घ्या, तीनदा चुकला तर सिम लॉक होते. अन त्यानं फोन चोरीला गेल्यावर उपयोग होते, दुकानातून नवं सिम काढणाऱ्याला तो अडवत नाही, त्यामुळं पिन लावला म्हणजे झालं असं समजू नका. त्याच्यापेक्षा आम्हाला फरक पडला तो खातं वेगळं केल्यानं. मामाजींचे कापसाचे पैसे आता दुसऱ्या खात्यात जातात, त्याला एटीएम नाही, अन यूपीआय, मोबाईल बँकिंग नको असं बँकेला लेखी दिलं आहे. सही करून विड्रॉल भरायचा. जुन्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच. कापसाच्या पैशाच्या खात्याला जो नंबर दिला तो कुठल्याच फॉर्मवर लिहायचा नाही, पण रिचार्ज चालू ठेवायचा, कारण ९० दिवस वापर नसला की नंबर बंद पडू शकते अन पुढं दुसऱ्याला दिला जाते.

मामाजी आता रोज संध्याकाळी फोन खुंटीवर टांगायच्या आधी माझ्या फोनवर मिस कॉल देतात. एकदा टॉवर नव्हता तर रात्री नऊला शेजारी गेले अन त्यांचा फोन चालू आहे का पाहून आले. दोघांचाही बंद होता, तेव्हा झोपले.

आमचा बँकेला दिलेला अर्ज, कंपनीला दिलेला अर्ज अन लोकपालाकडं लिहिलेलं, तिन्ही माझ्याजवळ आहे. कुणाला लागलं तर मेसेज करा, नावं खोडून फोटो पाठवते. गावातल्यांनी दुपारी दोननंतर अंगणवाडीत या, येताना आधार अन फोन घेऊन या, संचार साथीवर तुमच्या नावाचे नंबर मी बसून पाहून देते.